कामाच्या तासांची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्राम: प्रकरण अभ्यास

मॅन्युअल टेस्टिंगमध्ये (सॉफ्टवेअर स्वतः वापरून तपासण्याच्या कामात) काही वर्षे काम केल्यानंतर डेव्हलपमेंटकडे वळू पाहणाऱ्या एका महिला अभियंत्यांनी स्वतःच्या वापरासाठी एक लहान प्रोग्राम लिहिला, तो दीड वर्षाहून अधिक काळ रोज वापरला आणि पुढे त्यांना डेव्हलपर म्हणून काम मिळाले, त्यात या प्रोग्रामचा मोठा वाटा होता. त्या काळात त्यांचा कोड वाचून अभिप्राय देण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांच्या संमतीने, नाव आणि संस्था वगळून, हे प्रकरण येथे मांडले आहे. ते तपशिलाने लिहावेसे वाटण्याचे कारण असे की वैयक्तिक प्रकल्पांचा सल्ला सगळेच देतात, परंतु प्रकल्पातून कौशल्य नेमके केव्हा आणि कशामुळे येते, याविषयी फारसे बोलले जात नाही. या प्रकरणात ते जवळपास सगळे शिक्षण प्रोग्राम पहिल्यांदा नीट चालू लागल्यानंतर झाले.

आधीचे प्रयत्न

या प्रोग्रामपूर्वी त्यांनी तीन प्रकल्प केले होते: कामांची यादी ठेवणारे ॲप, हवामान दाखवणारे पान आणि एका काल्पनिक दुकानाचे संकेतस्थळ. तिन्ही शिकवणीच्या व्हिडिओंवरून केलेले होते, तिन्ही चालत होते आणि तिन्हींपैकी एकही त्या स्वतः वापरत नव्हत्या. या कामाचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही, कारण भाषेचा सराव झाला, फाइली कशा मांडाव्यात हे कळले आणि गिटची (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) भीती गेली. अडचण दुसरीकडे होती. कोणता डेटाबेस घ्यायचा, माहितीची रचना कशी करायची, चूक झाली तर वापरणाऱ्याला काय दाखवायचे, हे सगळे निर्णय व्हिडिओ करणाऱ्याने आधीच घेतलेले होते. त्यामुळे एका मुलाखतीत ‘हाच डेटाबेस का निवडला?’ असा साधा प्रश्न आला, तेव्हा त्यांच्याकडे उत्तर नव्हते. डेव्हलपरचा पगार मुख्यतः अशा निर्णयांसाठीच दिला जातो, आणि दुसऱ्याने घेतलेला निर्णय हुबेहूब टंकून तो घेण्याची क्षमता येत नाही.

विषयाची निवड

चौथा प्रकल्प निवडताना आम्ही कल्पनांची यादी केली नाही. गेल्या महिन्यात कोणत्या कामाचा कंटाळा पुन्हा पुन्हा आला, एवढेच मी त्यांना विचारले. उत्तर लगेच आले: आठवड्याच्या शेवटी टाइमशीट भरताना सोमवारी कोणत्या कामाला किती वेळ दिला हे आठवत नाही, आणि मग आकडे अंदाजाने भरावे लागतात. गरज खरी होती आणि रोजची होती. शिवाय पहिली आवृत्ती काही संध्याकाळींत पूर्ण होईल इतकी ती लहानही होती.

काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी नोकरीचा करार वाचला. अनेक करारांत कर्मचाऱ्याने नोकरीच्या काळात तयार केलेल्या सॉफ्टवेअरवरील हक्कांविषयी कलम असते आणि त्याची व्याप्ती कधी कधी कार्यालयीन वेळेच्या पलीकडेही जाते. त्यांनी वरिष्ठांना ईमेल लिहून लेखी परवानगी घेतली, काम स्वतःच्या संगणकावर आणि स्वतःच्या वेळेत करायचे ठरवले आणि कंपनीचा कोणताही कोड त्यात आणला नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, जी अनेकांच्या नजरेतून सुटते. प्रोग्राम त्यांचा असला, तरी त्यात भरली जाणारी कामांची नावे कंपनीच्या अंतर्गत प्रकल्पांची होती, म्हणून डेटाची फाइल पहिल्या दिवसापासून रिपॉझिटरीच्या (गिटमधील कोडच्या साठ्याच्या) बाहेर ठेवली गेली. गिटमध्ये एकदा कमिट झालेली, म्हणजे इतिहासात नोंदवलेली, फाइल नंतर काढून टाकली, तरी जुन्या इतिहासात राहते, त्यामुळे ही काळजी आधीच घ्यावी लागते. पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत प्रवेश देणारी गुप्त किल्ली) चुकून कमिट झाली असेल, तर ती पुसण्यापेक्षा तत्काळ रद्द करून नवी घेणे हाच खरा उपाय असतो.

मग काय करायचे नाही हे ठरले: लॉगिन नाही, मोबाइल ॲप नाही, आलेख नाहीत, वेब पान नाही. कमांड लाइनवर, म्हणजे शब्द टंकून, चालणाऱ्या तीनच आज्ञा असतील: सुरू, थांब आणि अहवाल. भाषा पायथन, कारण टेस्टिंगच्या लहान स्क्रिप्ट त्या पायथनमध्येच लिहीत असत. एका वेळी एकच अनोळखी गोष्ट हाताळायची, हा नियम मी आग्रहाने पाळायला लावला. नवी भाषा, नवा डेटाबेस आणि नवे फ्रेमवर्क एकदम घेतले, तर काही बिघडल्यावर दोष नेमका कुठे आहे हे शोधायला आधार उरत नाही.

अशा चर्चेत लिनक्सचे उदाहरण हमखास निघते. लिनस तोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टम लिहीत असल्याचे जाहीर केले, ही गोष्ट खरी आहे, परंतु नवोदिताला ती बहुधा आकाराच्या मोहात पाडते. माझ्या मते त्यांचेच दुसरे काम अधिक मार्गदर्शक आहे. २००५ मध्ये लिनक्सच्या कोडमधील बदलांची नोंद ठेवण्यासाठी वापरली जाणारी बिटकीपर ही प्रणाली पूर्वीच्या अटींवर मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी गिट लिहायला घेतले, आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. लिहिणारा माणूसच पहिला वापरकर्ता होता आणि वापर लगेच सुरू झाला. आमच्यापुढे ठेवण्यासारखे होते ते एवढेच.

पहिली आवृत्ती आणि तिच्या भेगा

पहिली आवृत्ती सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये, नोंदी लिहीत असे. ती लवकर तयार झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात बिघडली. एका कामाच्या नावात स्वल्पविराम होता, आणि ओळीचे तुकडे करताना त्यांनी पायथनची सीएसव्ही लायब्ररी (या कामासाठीचा तयार कोड) न वापरता ओळ थेट स्वल्पविरामाशी तोडली होती. त्यामुळे त्या ओळीतील वेळ चुकीच्या रकान्यात गेली आणि अहवाल मध्येच बंद पडला. व्हिडिओवरून केलेल्या ॲपमध्ये हा दोष कधीच दिसला नसता, कारण त्यात खऱ्या कामांची वेडीवाकडी नावे भरलीच जात नव्हती.

पुढचा प्रश्न तांत्रिक नव्हता. ‘थांब’ ही आज्ञा द्यायची त्या कधी कधी विसरत, आणि सकाळी पाहिले तर एका कामावर पंधरा तास जमा झालेले असत. ठरावीक वेळेनंतर नोंद आपोआप बंद करावी, असे त्यांना प्रथम वाटले. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. आपोआप बंद केलेली नोंद नीटनेटकी दिसते, पण ती खोटी असते, आणि खोटे आकडे टाळण्यासाठीच तर हा खटाटोप सुरू झाला होता. अखेर ठरले ते असे: उघडी राहिलेली नोंद प्रोग्राम स्वतःहून बंद करणार नाही, पुढच्या वेळी ‘सुरू’ म्हटल्यावर तो थांबेल, मागची नोंद दाखवेल आणि ती केव्हा संपली हे विचारेल. हा निर्णय आणि त्यामागची कारणे त्यांनी रिपॉझिटरीतील एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवली. पुढे प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी असा एक परिच्छेद लिहिला गेला. या सवयीचे मोल मुलाखतींच्या वेळी कळले.

सीएसव्हीवरून एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसकडे त्या वळल्या, तेही एका घटनेमुळे. लिहिण्याच्या मध्येच संगणक बंद पडला आणि फाइलची शेवटची ओळ अर्धवट राहिली. एसक्यूलाइटमध्ये एक व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, एकतर पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही. ‘ट्रान्झॅक्शन’ हा शब्द त्यांनी अभ्यासात अनेकदा वाचला होता, पण त्याची गरज त्यांना या अर्धवट ओळीने पटवली. येथे त्यांचे टेस्टिंगचे कसबही कामी आले. कामाचा एखादा गट काढून टाकल्यावर त्याच्या नोंदींचे काय होते, हे त्यांनी मुद्दाम तपासले, आणि गट गेला तरी नोंदी तशाच मागे राहिलेल्या दिसल्या. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची (एका टेबलातील नोंद दुसऱ्या टेबलातील नोंदीशी जोडणाऱ्या संबंधाची) तपासणी सर्वसाधारणपणे बंद असते आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी ती सुरू करावी लागते, हे त्यांना दस्तऐवजात त्यानंतर सापडले. टेबल घोषित करताना संबंध लिहिला म्हणजे तो पाळला जाईल, हे त्यांनी गृहीत धरले होते. अशी गृहीतके तपासून पाहणे हा त्यांचा रोजचा व्यवसायच होता, आणि डेव्हलपर होण्यासाठी टेस्टरपण मागे टाकावे लागत नाही, हे त्यांना या प्रसंगातून उमगले.

तासाभराची तफावत

प्रकल्पातील सर्वांत मोलाचा भाग दुसऱ्या वापरकर्त्यामुळे घडला. युरोपात काम करणाऱ्या एका सहकाऱ्याला हा प्रोग्राम आवडला आणि तो वापरू लागला. काही महिन्यांनी त्याने कळवले की रात्रीच्या एका रिलीजवर (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरात आणण्याच्या कामावर) त्याने तीन तास काम केले, पण अहवाल दोनच तास दाखवतो. त्याने दीड वाजता सुरुवात केली होती आणि साडेतीनला थांबला होता. अहवालाचे गणित वरवर बरोबर होते. मात्र ती ऑक्टोबरमधल्या शेवटच्या रविवारची रात्र होती, जेव्हा युरोपातील बहुतेक देशांत घड्याळे एक तास मागे जातात. त्याच्याकडे तीन वाजता पुन्हा दोन वाजले होते, आणि दोन ते तीन हा तास त्या रात्री दोनदा आला होता.

त्यांच्या स्वतःच्या भागात घड्याळे बदलत नसल्याने प्रोग्राम केवळ स्थानिक वेळ साठवत होता, टाइमझोनचा उल्लेख कुठेही नव्हता. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्यांनी टेस्ट, म्हणजे उत्तर आपोआप तपासणारा छोटा कोड, लिहिली: त्या रात्रीची सुरुवात, त्या रात्रीचा शेवट, अपेक्षित उत्तर तीन तास. टेस्ट अपेक्षेप्रमाणे नापास झाली. मग पायथनच्या ३.९ आवृत्तीपासून मूळ लायब्ररीत आलेले झोनइन्फो वापरून दोन्ही वेळांना योग्य टाइमझोन जोडला आणि टेस्ट पुन्हा चालवली. उत्तर तरीही दोन तासच आले.

बहुतेक जण अशा जागी लायब्ररीला दोष देतात किंवा कुठून तरी एक तास मिळवून मोकळे होतात. त्यांनी सगळा प्रोग्राम बाजूला ठेवला, दोष दाखवणाऱ्या अगदी मोजक्या ओळी वेगळ्या काढल्या आणि दस्तऐवज पहिल्यापासून वाचला. पायथनचा नियम तेथे स्पष्ट लिहिलेला आहे: ज्या दोन वेळांची वजाबाकी करायची त्यांना टाइमझोनची एकच वस्तू जोडलेली असेल, तर वजाबाकी करताना टाइमझोन विचारातच घेतला जात नाही आणि घड्याळात दिसणाऱ्या आकड्यांचा फरक मिळतो. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये (घड्याळे मागेपुढे झाली तरी न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत) बदलून मग वजाबाकी केली, तेव्हा तीन तास आले.

दुरुस्ती दोन ओळींची होती, पण तिच्यामागे साठवणीचा पूर्ण विचार नव्याने करावा लागला. आता प्रत्येक नोंदीत यूटीसीमधील क्षण आणि सोबत टाइमझोनचे नाव ठेवायचे ठरले. क्षण १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लिहावा की वाचता येईल अशा आयएसओ ८६०१ स्वरूपात, यावर विचार झाला. डेटाबेस उघडून डोळ्यांनी तपासता येतो आणि अक्षरक्रमाने लावल्यावर कालक्रमही आपोआप जुळतो, म्हणून दुसरा पर्याय निवडला गेला.

उरला प्रश्न जुन्या नोंदींचा, आणि माझ्या दृष्टीने या प्रकल्पातील सर्वांत व्यावसायिक काम तेच होते. महिनोन्महिन्यांच्या नोंदी जुन्या रचनेत होत्या आणि त्या गमावून चालणार नव्हते. एसक्यूलाइटच्या फाइलमध्येच यूजर व्हर्जन नावाचा एक पूर्णांक ठेवण्याची सोय असते. तो वाचून रचना जुनी आहे की नवी हे प्रोग्रामने ओळखायचे, जुनी असल्यास आधी फाइलची प्रत काढायची, सगळे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायचे आणि शेवटी बदलापूर्वीच्या व नंतरच्या एकूण तासांची तुलना करायची, असा क्रम त्यांनी आखला. त्यांच्या स्वतःच्या नोंदी निर्धोकपणे बदलल्या. सहकाऱ्याच्या नोंदींपैकी एक मात्र दोनदा आलेल्या त्या तासाच्या आतच सुरू झालेली होती. ती पहिल्या अडीच वाजताची की दुसऱ्या, हे साठवलेल्या माहितीवरून कोणत्याही प्रकारे कळणे शक्य नव्हते. त्यांनी सहकाऱ्याला विचारले आणि ती नोंद हाताने दुरुस्त केली. जी माहिती साठवलीच नाही ती नंतर कोडमधून परत आणता येत नाही, हे त्यांनी त्या दिवशीच्या निर्णयाच्या परिच्छेदात लिहून ठेवले आहे.

कोड लिहिणाऱ्या साधनांचा वापर

या काळात त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सहायक साधनही वापरले आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. त्यांनी स्वतःला एकच अट घातली होती: जी ओळ आपल्याला समजावून सांगता येत नाही ती कमिट करायची नाही. अहवालाचे रकाने मांडणे किंवा टेस्टसाठी नमुना माहिती तयार करणे, अशा कामांत साधनाने त्यांचा वेळ वाचवला. घड्याळाच्या प्रश्नावर मात्र त्याने सुचवलेला कोड वाचायला निर्दोष होता आणि टेस्टवर दोनच तास देत होता. टेस्ट आधी लिहिलेली नसती, तर तो कोड तसाच स्वीकारला गेला असता. शिकण्यासाठी प्रकल्प करणाऱ्याने अपेक्षित उत्तर स्वतः ठरवावे आणि मगच मदत घ्यावी, असे माझे ठाम मत या प्रकरणानंतर झाले आहे.

मुलाखती

कोड सार्वजनिक करण्यापूर्वी त्यांनी त्याला एमआयटी लायसन्स (कोड वापरण्याची मोकळी परवानगी देणारा परवाना) जोडले, कारण लायसन्स नसलेला कोड सर्वांना दिसत असला, तरी इतरांना तो वापरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. रीडमी फाइल पुन्हा लिहिली: प्रोग्राम कशासाठी आहे, कसा चालवायचा, तो काय करत नाही आणि टेस्ट कशा चालवायच्या. एखादी ओळखीची व्यक्ती केवळ ही फाइल वाचून, काही न विचारता, प्रोग्राम सुरू करू शकते का, हेही त्यांनी समोर बसून पाहिले. पहिल्या खेपेस तसे झाले नाही, म्हणून सूचना दुरुस्त केल्या.

प्रकल्प हाती असला म्हणजे सगळी दारे उघडतात असे नाही. एका ठिकाणी केवळ अल्गोरिदमचे प्रश्न विचारले गेले आणि प्रकल्पाकडे कोणी पाहिलेही नाही. त्या तयारीला प्रकल्प हा पर्याय नाही आणि ती स्वतंत्रपणेच करावी लागते. दुसऱ्या ठिकाणी मात्र मुलाखत घेणाऱ्याने निर्णयांची फाइल उघडली आणि बहुतेक वेळ तिच्यावरच चर्चा झाली. ‘मग वेळ नेहमी यूटीसीमध्येच साठवावी का?’ असे त्यांना विचारले गेले. घडून गेलेल्या गोष्टीसाठी हो, असे त्यांनी सांगितले. पुढे व्हायच्या भेटीसाठी मात्र स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे नाव ठेवावे, कारण दरम्यानच्या काळात सरकारने घड्याळाचा नियम बदलला, तर आधीच काढून ठेवलेली यूटीसी वेळ चुकीची ठरेल आणि माणसे मात्र घड्याळातल्या दहा वाजताच जमतील. हे उत्तर कोणत्याही प्रश्नसंचातून पाठ केलेले नव्हते. याच ठिकाणी त्यांना डेव्हलपर म्हणून काम मिळाले.

प्रकल्पाने जे दिले नाही

एकट्याने लिहिलेल्या लहान प्रोग्राममधून काही गोष्टी येतच नाहीत. अनेकांनी अनेक वर्षे लिहिलेला कोड वाचणे, दुसऱ्याच्या अभिप्रायानुसार स्वतःची मांडणी सोडून देणे, एकाच वेळी हजारो विनंत्या आल्यावर काय कोलमडते ते पाहणे, हे अनुभव त्यांच्या वाट्याला आले नव्हते. यातील पहिल्या दोहोंसाठी त्यांनी प्रकल्पाच्या उत्तरार्धात, त्या स्वतः वापरत असलेल्या एका मुक्त स्रोत लायब्ररीत लहान योगदाने दिली. पहिले दस्तऐवजातील चुकीच्या उदाहरणाची दुरुस्ती होते आणि त्यानंतरचे एका नोंदवलेल्या दोषासाठी लिहिलेली टेस्ट. ती टेस्ट स्वीकारली जाण्यापूर्वी तीन वेळा परत आली, आणि प्रत्येक वेळी मिळालेला अभिप्राय माझ्या अभिप्रायापेक्षा काटेकोर होता. कोडवरील टीका ही आपल्यावरील टीका मानायची नाही, ही सवय तेथे लागली.

नव्या संघातील पहिले महिने त्यांना जड गेले. तेथील कामाचा मोठा हिस्सा जुना कोड वाचण्याचा होता आणि त्याचा वेग त्यांच्याकडे नव्हता. पण काही काळाने एका टेबलाची रचना बदलण्याचे काम आले, तेव्हा आधी प्रत काढणे, आवृत्ती तपासणे, बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करणे आणि शेवटी बेरजा पडताळून पाहणे, हा क्रम त्यांनी स्वतःहून मांडला आणि तो मान्य झाला. तासांच्या नोंदीचा प्रोग्राम त्या अजून वापरतात. दोन संगणकांतील नोंदी एकत्र जुळवण्याची सोय त्यात आणावी अशी सूचना सहकाऱ्याने केली होती. तिच्यासाठी लागणारे काम मूळ गरजेच्या मानाने फार मोठे आहे, असे कारण देऊन ती सूचना निर्णयांच्या फाइलमध्ये तूर्त नाकारलेली आहे.